ठिपक्यांची रेघ

"बाई, ही रेघ तुटकच ठेवायची की जोडून टाकू?
एवढ्या बारीक आकारात ठिपके उमटत नाहीत,
माशी बसून गेल्यासारखे दिसतात."
कुरेसारेच्या छापखान्यात तोर्मी विचारतो.
एप्रिल. खाडीतला बर्फ अजून पुरता फुटलेला नाही.
दोनशे बारा प्रती, गुरुवारी मशीन मोकळं.

रेघेच्या वरच्या टोकाला प्रीदू, पवनचक्कीवाला.
खालच्या टोकाला इंगेल, जन्म १८४३,
आई रिस्ते, मोलकरीण.
चर्चच्या वहीत बापाच्या रकान्यात काही नाही.
म्हणजे अगदीच काही नाही असं नाही:
टाक टेकवून उचलल्याचा एक डाग आहे.
माझ्या चुलतभावानं, आलेक्सांदरनं,
चाळीस वर्षं त्या डागात प्रीदूचं पहिलं अक्षर वाचलं.
मी भिंग घेऊन तीन हिवाळे बसले.
मला डागच दिसला.
एकदोनदा पाद्र्याची शिंक.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.
आमच्या बेटावर ऋषी नाहीत,
नदी म्हणावी असा एक ओढा आहे, तो जूनमध्ये आटतो.
उरतात मोलकरणी.
त्यांचं कूळ शोधायला कुणी मनाई केली नव्हती,
शोधलंच नव्हतं कुणी.

स्वीडनहून साल्मे लिहिते. सत्त्याऐंशीची आहे,
कागदाचे अर्धे पैसे तिचे.
"चव्वेचाळीस साली आम्ही रात्रीचे होडीत बसलो
तेव्हा आईनं चक्कीच्या जात्याचा तुकडा बरोबर घेतला.
माणसांना जागा नव्हती. उगीच कुणी
दगड घेतं का होडीत?"

नाही घेत, साल्मे.
पण आईनं दगड उचलला म्हणून
प्रीदू खापरपणजोबा होत नाही.
तळटीपेत मी दगडाला जागा दिली आहे:
रंग, वजन, कुणी सांगितलं, कुठल्या साली सांगितलं.
पुराव्यात नाही बसला, पुस्तकात बसला.

चक्कीवाल्यांच्या घरून उलटं पत्र,
आमच्या माणसाला यात ओढू नका.
एकशे ऐंशी वर्षांनीसुद्धा
त्यांना प्रीदूची काळजी.

तोर्मी पुढचं पान उघडतो. पोरगा हुशार आहे.
"मग इथे सलग कशी?"

हेल्दुर, जन्म जून १९५१.
बाप यूरी, एकोणपन्नासच्या मार्चात
सैबेरियाला नेलेला. परत आला नाही.
तोर्मी बोटांवर महिने मोजत नाही,
पण मोजून झाल्यासारखा थांबतो.

हेल्दुर दर शरदात मला धुरावलेले मासे आणून देतो,
वर्तमानपत्रात गुंडाळून, दारातूनच.
त्यानं मला कधी काही विचारलं नाही.
का विचारत नाहीस, हे मीही विचारलं नाही.
नोंदीवर शिक्का आहे. आईची सही आहे,
सही जरा जास्तच ठळक आहे.

"एक वाक्य शेवटच्या पानावर आहे," मी म्हणते,
"ते पहिल्यावर घे, मोठ्या अक्षरात:
सलग रेघ म्हणजे कागद सापडला.
तुटक म्हणजे सापडला नाही.
कोण कुणाचं, हे या रेघांना माहीत नाही."

"मग विकत कोण घेईल?" तोर्मी हसतो,
आणि ठिपके थोडे जाड करतो, थोडे लांब लांब,
आणि एक नमुना काढून माझ्यापुढे धरतो.

शाई ओली होती. मी चष्मा शोधत होते.
अंगठा सरकला,
आणि प्रीदूपासून इंगेलपर्यंत
एक काळा फराटा ओढला गेला, चांगला रुंद.

"दुसरा काढ," मी म्हणाले.
तो हा चुरगळायला निघाला.
मी त्याच्या हातातून घेतला, वाळू दिला,
चार घड्या करून पर्समध्ये ठेवला.

याला तळटीप नाही.